शेवटचा शब्द कुणाचा? अखेरच्या आजारपणातल्या निर्णयांचा मराठी इतिहास

(व्याख्यानमाला : पुष्प चौथे. स्थळ : नाशिक. ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)



समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांची साठी उलटलेली दिसते आहे. तेव्हा ‘मरणाबद्दल बोलू नये’ हा संकोच आपण सुरुवातीलाच बाजूला ठेवू. तसं पाहिलं तर आपल्या घरांतली म्हातारी माणसं मरणाबद्दल भरपूर बोलतात. ‘हातपाय धड आहेत तोवर उचल रे देवा’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आजी ट्रंकेच्या तळाशी एक कोरं लुगडं ठेवते आणि ते कशासाठी आहे ते सुनेला सांगूनही ठेवते. पाटल्या कुणाला, बोरमाळ कुणाला, हे ठरलेलं असतं. तेराव्याला काय करायचं आणि काय करायचं नाही, तेही ठरलेलं असतं. ज्यांच्याकडे घर-शेत आहे ते वकिलाकडे जाऊन मृत्युपत्र करतात.

एवढं सगळं ठरतं. पण श्वास लागला तर अतिदक्षता विभागात न्यायचं का? घशात नळी घालायची का? घातली तर किती दिवस ठेवायची? आणि मला बोलता येईनासं झालं तर माझ्या वतीने बोलायचं कुणी? हे मात्र ठरत नाही. मरणानंतरची सगळी व्यवस्था होते, मरणाआधीचे पंधरा दिवस तेवढे मोकळे राहतात. मग ते पंधरा दिवस कॉरिडॉरमध्ये उभं असलेलं कुणीतरी, डॉक्टरांनी पुढे केलेल्या फॉर्मवर घाईघाईने सही करून भरून काढतं.

हे असं कधीपासून झालं, असा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला. पूर्वी ही माणसं निर्णय घेत होती का? घेत असतील तर कसा, आणि तो पाळत कोण होतं? आजचं व्याख्यान या प्रश्नांच्या मागे जाणारं आहे. कायदा येईल, पण तो शेवटी येईल. आधी घरात डोकावू.

‘खाली घेणं’

आपल्याकडे एक शब्दप्रयोग आहे. नव्या पिढीला तो माहीत नसेल. ‘आजोबांना खाली घेतलं.’ म्हणजे पलंगावरून उचलून जमिनीवर, सारवलेल्या भुईवर किंवा घोंगडीवर निजवलं. तोंडात गंगाजल, तुळशीपत्र. ज्यांच्याकडे ऐपत असेल त्यांच्याकडे गोदान. हा विधी आपण धर्माच्या खात्यात टाकून मोकळे होतो. इतिहासाच्या नजरेने पाहिलं तर तो एक निर्णय होता. ‘आता औषध पुरे’ असं सगळ्या घराने, सगळ्यांच्या देखत, एकाच कृतीतून म्हटलेलं असायचं. खाली घेतल्यावर कुणी काढा पाजायला धावत नसे.

हा निर्णय हवेतून येत नसे. आधी वैद्याचा शब्द लागे. चरकसंहितेत रोगांचे प्रकार सांगितले आहेत : सहज बरा होणारा, कष्टाने बरा होणारा, बरा न होता औषधाने ताब्यात राहणारा, आणि ज्याला वैद्याने हात लावू नये असा. त्याच ग्रंथातलं इंद्रियस्थान हे अख्खं प्रकरण, बारा अध्यायांचं, मरण जवळ आल्याच्या खुणा ओळखण्याबद्दल आहे. म्हणजे कुठे थांबायचं हे ओळखणं हा वैद्यकीचा भाग मानलेला होता. असाध्य रोग्यावर उपचार करत राहणाऱ्या वैद्याची अपकीर्ती होते, असंही चरक सांगतो. आज नेमकी उलटी परिस्थिती आहे. थांबणाऱ्या डॉक्टरला भीती वाटते, करत राहणाऱ्याला वाटत नाही.

वैद्याच्या शब्दानंतर घरातल्या वडीलधाऱ्याचा शब्द, आणि त्याच्याही आधी, शुद्ध असेल तर, त्या माणसाचा स्वतःचा. ‘मला आता गोदेकाठी न्या’ असं म्हणणारी माणसं होती. आपलं नाशिक हे क्षेत्र. इथे उतारवयात येऊन राहण्याची चाल जुनी आहे. नानासाहेब पेशव्यांची पत्नी आणि थोरल्या माधवरावांची आई गोपिकाबाई नवऱ्याच्या मृत्यूनंतर पुण्यापासून दूर झाल्या आणि इथे जवळच, गंगापूरला, गोदावरीच्या काठी राहिल्या. अखेरपर्यंत त्यांचा मुक्काम नाशिक परिसरातच होता. राजकारणातून बाहेर पडलेल्या त्या काळच्या एका बाईला स्वतःच्या शेवटाबद्दल जो थोडाफार निर्णय हातात होता, तो जागेचा होता. कुठे राहायचं आणि कुठे मरायचं, एवढं तिने ठरवलं.

रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळी आहेत. कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाच्या अस्थी घेऊन आला. त्या वह्यांत मरण हा घराण्याचा व्यवहार म्हणून नोंदला आहे. एकट्या माणसाचा ‘हक्क’ ही भाषा तेव्हा नव्हती. पण शब्द मात्र होता, आणि तो ऐकायला साक्षीदार होते.

याचं आम्हाला उगाच कौतुक करायचं नाही. त्या भुईवरच्या मरणात वेदना अपार असत आणि त्यांवर इलाज नव्हता. आज सात दिवसांच्या गोळ्यांनी बऱ्या होणाऱ्या आजारांत माणसं ‘असाध्य’ ठरत. आणि ज्याच्या शब्दाला घरात वजन नाही, त्याचा शब्द शेवटीही कुणी विचारत नसे.

थेऊरची यादी

हा शेवटचा मुद्दा नीट कळावा म्हणून १७७२ सालच्या थेऊरला जाऊ. थोरले माधवराव पेशवे क्षयाने खंगले होते. वय अवघं सत्तावीस. म्हातारपण नव्हतंच, पण आपण यातून उठत नाही हे त्यांनी ओळखलं होतं. ते चिंतामणीच्या सान्निध्यात, थेऊरला येऊन राहिले. सप्टेंबर महिन्यात त्यांनी आपल्या अखेरच्या इच्छांची नऊ कलमांची यादी करवून घेतली. सरकारी कर्ज फिटलं पाहिजे, ही काळजी त्यात आहे. १८ नोव्हेंबर १७७२ ला ते गेले.

इतिहासाची पुस्तकं हे सांगतात ते राज्यकर्त्याची जबाबदारी दाखवायला. आम्हाला त्यात आणखी काही दिसतं. आजारी माणसाने शुद्धीत असताना, कारभाऱ्यांच्या समोर, आपला शब्द कागदावर उतरवला आणि तो पाळण्याची जबाबदारी नाव घेऊन माणसांवर टाकली. आजच्या कायद्याला जे हवं आहे त्याचा सांगाडा तिथे आहे : शुद्ध, कागद, साक्षीदार आणि पाळणारा माणूस.

पण त्याच थेऊरला आणखी एक मृत्यू झाला. माधवरावांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या. त्यांचं वृंदावन आजही तिथे आहे आणि लोक हात जोडतात. परंपरा सांगते की त्या स्वेच्छेने गेल्या. ही ‘स्वेच्छा’ तपासायची कशी? विधवेच्या पुढच्या आयुष्यात काय वाढून ठेवलं आहे हे ठाऊक असताना ‘मला जायचं आहे’ असं म्हणणाऱ्या बाईच्या शब्दात तिची इच्छा किती आणि जगाचा धाक किती? मुंबई इलाख्यात १८३० साली सतीची चाल कायद्याने बंद झाली, पण हा प्रश्न संपला नाही. आज एखादी पंच्याहत्तरीची बाई म्हणते, ‘माझ्यावर खर्च करू नका रे, मला जाऊ द्या.’ ते तिचं मत असतं, की मुलाच्या चेहऱ्यावर तिने वाचलेलं बिल? हा प्रश्न आम्ही थोडा वेळ इथेच ठेवतो. त्याकडे परत यायचं आहे.

कुंथलगिरी, भगूर, पवनार

विसाव्या शतकात महाराष्ट्राने तीन प्रसिद्ध मृत्यू पाहिले. तिघेही ऐंशीच्या पुढचे, आणि तिघांनीही आपला शेवट आपण ठरवला.

पहिले जैन आचार्य शांतिसागर. दृष्टी अधू होत चालली. पायाखालचा जीव दिसत नसेल तर अहिंसेचं व्रत पाळायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता. ऑगस्ट १९५५ मध्ये त्यांनी मराठवाड्यातल्या कुंथलगिरीला सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबरला देह ठेवला. आपल्या म्हसरूळजवळचं गजपंथ हे जैनांचं सिद्धक्षेत्र. तिकडे जाणाऱ्या नाशिककरांना सल्लेखना हा शब्द नवा नाही. त्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सल्लेखना एकट्याने, लपून घेता येत नाही. गुरूची अनुमती लागते आणि संघ सोबत असतो. पुढे २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने या व्रताला आत्महत्येच्या कलमाखाली आणलं आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

दुसरे आपल्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर. त्यांच्या राजकारणाबद्दल या सभागृहात दोन टोकांची मतं असतील, ती आज बाजूला ठेवू. १९६४ साली त्यांनी आत्महत्या आणि आत्मार्पण यांतला फरक मांडणारा लेख लिहिला. जीवनाला कंटाळून केलेला घात वेगळा आणि जीवितकार्य संपल्यावर समाधानाने देह सोडणं वेगळं, अशी त्यांची मांडणी होती. फेब्रुवारी १९६६ मध्ये त्यांनी अन्न आणि औषध सोडलं आणि २६ तारखेला मुंबईत त्यांचं निधन झालं. आपला अंत्यविधी विद्युतदाहिनीत व्हावा हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं.

तिसरे विनोबा. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. थोडा उतार पडला असं वाटत असतानाच त्यांनी अन्न, पाणी, औषध नाकारलं. डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या विनवण्यांनंतरही नाकारलं. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, ते गेले.

विचारांनी हे तिघे एकमेकांपासून किती लांब! तरी एक धागा समान आहे. तिघांनी आपलं मत आधीपासून, उघडपणे, सोबतच्या माणसांना पटेपर्यंत सांगितलं होतं. त्यामुळे वेळ आली तेव्हा कुणी जबरदस्तीने नळी घातली नाही. आणि तिघांचाही शब्द चालला, कारण ते मोठे होते. आचार्याचा शब्द संघ मोडत नाही. पण सिडकोतल्या किंवा पंचवटीतल्या निवृत्त कारकुनाचा शब्द? मालेगावच्या यंत्रमाग कामगाराचा? निफाडला द्राक्षबागेत आयुष्य काढलेल्या बाईचा? त्यांच्यासाठी काहीतरी दुसरी सोय हवी होती. कारण दरम्यान दुनिया बदलली होती.

यंत्र आलं

बदल कुठून आला तेही पाहू. १९५२ साली डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला, पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून मुलं मरत होती. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेत नळी घालून, रबरी पिशवी हाताने दाबून श्वास चालू ठेवण्याची युक्ती काढली. शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले आणि पुष्कळ मुलं वाचली. तिथून अतिदक्षता विभाग जन्माला आला. हाताची जागा यंत्राने घेतली.

ही मानवजातीची मोठी कमाई आहे, यात शंका नाही. पण जे यंत्र पोलिओच्या पोराला महिनाभर तगवून परत घरी धाडण्यासाठी बनलं, तेच ऐंशी वर्षांच्या, सगळे अवयव थकलेल्या देहालाही लागू लागलं. प्रश्न इतक्या लवकर उभा राहिला की १९५७ मध्येच भूलतज्ज्ञांच्या सभेत पोप बारावे पायस यांना त्याचं उत्तर द्यावं लागलं. असाधारण उपाय चालू ठेवण्याचं बंधन नाही, असं ते म्हणाले. १९६९ साली लुईस कुटनर या अमेरिकन वकिलाने ‘लिव्हिंग विल’ची कल्पना मांडली. नेहमीचं मृत्युपत्र माणूस गेल्यावर बोलतं. हे पत्र माणूस जिवंत असताना, पण त्याची वाचा गेल्यावर बोलणार. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाने तसा कायदा केला.

आपल्याकडे यंत्र आलं, पण ती चर्चा त्याच्यासोबत आली नाही. आणि ‘खाली घेणं’ मात्र गेलं. इस्पितळातल्या लोखंडी खाटेवरून कुणाला खाली घेणार? थांबण्याची जी जुनी, सर्वांना कळणारी खूण होती, ती नाहीशी झाली आणि तिच्या जागी दुसरी खूण आली नाही. आमच्या मते आजच्या गोंधळाचं मूळ इथे आहे.

मुंबईतली चाळीस वर्षं

नवी खूण शोधण्याचं काम या देशात मुख्यतः मुंबईत झालं. हा मराठी मुलखाचा इतिहास आहे, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

१९८१ साली मिनू मसानी यांनी मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली. संविधान सभेत बसलेला माणूस, पंच्याहत्तरीत आल्यावर या कामाला लागला. १९८५ च्या सुमारास समाजवादी नेते प्राध्यापक सदानंद वर्दे यांनी महाराष्ट्राच्या विधान परिषदेत एक खासगी विधेयक आणलं. बरा न होणाऱ्या रुग्णाने आधी लिहून दिलं असेल आणि डॉक्टरने कृत्रिम उपचार थांबवले, तर त्याला गुन्हेगार धरू नये, असा त्याचा आशय होता. ते मंजूर झालं नाही. पण विचार करा, सर्वोच्च न्यायालयाच्या तीस वर्षं आधी हा विषय आपल्या विधिमंडळाच्या पटलावर आला होता.

१९८६ मध्ये दोन गोष्टी घडल्या. मुंबईत शांती अवेदना सदन सुरू झालं. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांसाठी देशातलं हे पहिलं हॉस्पिस. तिथे बरं करण्याचा आव नव्हता, वेदना कमी करण्याचं काम होतं. आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी दुबळ खटल्याचा निकाल दिला. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं कलम ३०९ घटनाबाह्य ठरवलं. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली. १९९६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने ती फिरवली : जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. पण त्याच निकालात त्यांनी एक फट ठेवली. नैसर्गिक मृत्यूची प्रक्रिया सुरू झाली असेल, तर तोवरचं सन्मानाचं जगणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

ती फट रुंद झाली ती एका परिचारिकेमुळे. अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ ला परळच्या केईएम रुग्णालयात त्यांच्यावर पाशवी हल्ला झाला आणि त्या पुन्हा कधी भानावर आल्या नाहीत. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांचे उपचार थांबवावेत म्हणून याचिका केली. ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. काही अटींवर, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, उपचार थांबवता येतील हे तत्त्व मान्य केलं. पण अरुणाच्या बाबतीत परवानगी नाकारली. कारण न्यायालयाने विचारलं : या बाईच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाला? उत्तर आलं, ज्यांनी तिला इतकी वर्षं न्हाऊमाखू घातलं त्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना. आणि त्यांना ती जगायला हवी होती. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने त्या गेल्या. बेचाळीस वर्षं.

अरुणाला काय हवं होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पंचविशीतली मुलगी असलं काही कुणाला सांगून ठेवत नाही. म्हणून एका बाजूला विराणी, दुसऱ्या बाजूला परिचारिका, दोघांचाही हेतू चांगला, आणि मध्ये एक गप्प देह. आपल्या घरांत हेच घडतं. फक्त तिथे एका बाजूला अमेरिकेतून फोनवर बोलणारा मुलगा असतो आणि दुसऱ्या बाजूला रोज डबा घेऊन येणारी मुलगी. दोघं एकमेकांचे वैरी नसतात. आई काय म्हणाली असती, हे दोघांनाही माहीत नसतं, म्हणून भांडण होतं.

कागद

आता कायदा. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर निर्णय दिला आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता मिळाली. पण अटी अशा की त्या पाळायला दुसरा जन्म घ्यावा लागेल. इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही, वीस वर्षं अनुभवाचे डॉक्टर, शेवटी दंडाधिकाऱ्यांनी स्वतः रुग्णालयात येऊन पाहायचं. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयानेच या अटी सोप्या केल्या.

आज काय आहे ते थोडक्यात सांगतो. सज्ञान आणि सुबुद्ध माणूस, कुणाच्या दबावाशिवाय, असं पत्र लिहू शकतो. कुठल्या अवस्थेत कुठले उपचार नकोत हे त्यात स्पष्ट लिहायचं. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावं लिहायची, एकाहून जास्त चालतात. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. एक प्रत घरच्यांना, एक नेहमीच्या डॉक्टरांना, एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मन बदललं तर पत्र लेखी रद्द करता येतं.

पत्र आहे म्हणून लगेच उपचार थांबत नाहीत. रुग्ण बरा होण्यापलीकडे गेला आहे का, हे उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ ठरवतात. मग दुसरं मंडळ तेच पुन्हा तपासतं. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक डॉक्टर असतो. प्रत्येक मंडळाने शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं. दंडाधिकाऱ्यांना फक्त कळवायचं. पत्र नसेल तर घरच्यांच्या संमतीने हाच मार्ग आहे. आणि यात कुठेही मरणाचं इंजेक्शन नाही. ते आपल्या देशात गुन्हा होतं आणि आहे.

निकाल लागला तरी ‘पत्र स्वीकारणारा अधिकारी कोण?’ हे कुणी सांगेना. तेव्हा मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले. त्यानंतर राज्यात ठिकठिकाणच्या स्थानिक संस्थांमध्ये असे अधिकारी नेमले गेले. गोव्यात तर मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे विद्यमान न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवलं. न्यायमूर्ती रांगेत उभे राहिले की बाकीच्यांची भीड चेपते.

ओझं

कागदापर्यंत आलो. आता थेऊरला ठेवलेला प्रश्न परत उचलू.

आपल्या नाशिकच्या तात्यासाहेब शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आलं. आप्पासाहेब बेलवलकर हातातलं सगळं मुलांना वाटून देतात आणि मग बेघर होतात. त्या नाटकाने मराठी म्हाताऱ्यांना एक व्यवहार शिकवला : ताट द्यावं, पण बसायचा पाट देऊ नये. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात तर तरतूदच आहे, की सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळलं नाही तर परत मिळवता येते. मालमत्तेच्या बाबतीत आपण शहाणे झालो. देहाच्या बाबतीत तो पाट अजून आपण हातात ठेवलेला नाही.

तो हातात का ठेवायचा? मुलांचा खर्च वाचावा म्हणून? इथे आम्ही सावध करू इच्छितो. केवळ ‘मी ओझं आहे’ या भावनेतून लिहिलेलं इच्छापत्र कायद्याच्या भाषेत स्वेच्छेचं ठरेल, पण तिच्यात रमाबाईंच्या स्वेच्छेइतकाच संशय राहील. ज्या बाईच्या नावावर घर नाही, पेन्शन नाही, तिला ‘काय हवं’ विचारण्याआधी ‘तुझं आम्हाला जड नाही’ हे सांगावं लागेल. आणि नुसतं सांगून भागणार नाही. नळी नको म्हणणाऱ्याला नळीऐवजी काय मिळणार, हेही दाखवावं लागेल.

ते म्हणजे उपशामक सेवा, पॅलिएटिव्ह केअर. यात नाशिकचं नाव घ्यायला हवं. शासकीय यंत्रणेतून, टाटा रुग्णालयाच्या मार्गदर्शनाखाली, ग्रामीण भागात घरापर्यंत ही सेवा नेण्याचे महाराष्ट्रातले सुरुवातीचे प्रयत्न याच जिल्ह्यात झाले. वेदना, धाप, जखमा, मळमळ यांवर घरी इलाज होऊ शकतो, हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर शिकवण्याचं ते काम. मॉर्फिनच्या साध्या गोळीलाही १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे परवान्यांचा जंगल-रस्ता पार करावा लागे. २०१४ च्या दुरुस्तीने तो थोडा मोकळा झाला. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात आहे. इथून दर वर्षी पदव्या घेऊन बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांना रोग्याशी मरणाबद्दल कसं बोलावं हे यावं, अशी अपेक्षा नाशिककरांनी ठेवायला हरकत नाही.

पुन्हा म्हाताऱ्या माणसांकडे. ती निर्णय कसा घेतात? एका बैठकीत, फॉर्म समोर ठेवून घेत नाहीत. शेजाऱ्याच्या दहाव्याहून परतताना म्हणतात, ‘त्याचं फार हाल केलं रे पोरांनी.’ टीव्हीवर बातमी बघताना म्हणतात, ‘माझं असलं काही करू नका.’ हीच त्यांची कलमं असतात. आपण काय करतो? ‘आई, काहीतरी अभद्र बोलू नकोस’ म्हणून विषय तोडतो. आपल्याला वाटतं आपण मायेने गप्प केलं. प्रत्यक्षात आपण तिचा शेवटचा शब्द नोंदवायला नकार दिलेला असतो. आणि पुढे डॉक्टरांनाही सांगतो, ‘पेशंटला काही कळू देऊ नका.’ ज्याच्या देहाचा प्रश्न, त्याच्यापासूनच निदान लपवायचं. ही रीत नवी नाही : जवळ आलेलं मरण सांगितल्याने रुग्णाला किंवा दुसऱ्या कुणाला धक्का बसणार असेल, तर वैद्याने ते सांगू नये, असं चरकही म्हणतो. 

तेव्हा ज्येष्ठ मंडळींना आमची विनंती एवढीच. मालमत्तेचं मृत्युपत्र करताना वकिलाला याही पत्राचं विचारा. पण त्याआधी एक नाव ठरवा. सगळ्यात लाडकं मूल निवडू नका. जे रडत असतानाही तुमचा शब्द पाळेल ते निवडा. मग ते पुतण्या असो, सून असो वा मैत्रीण. आणि ते नाव बाकीच्या सगळ्यांच्या देखत सांगा. देहदानाचा फॉर्म भरलेल्यांना हे ठाऊक आहे : घरच्यांनी फोन केला तरच देहदान होतं, नाहीतर फॉर्म कपाटात राहतो. इच्छापत्राचंही तसंच आहे. आणि ‘मला सगळे उपचार हवेत, शेवटपर्यंत लढायचंय’ असं वाटत असेल, तर तेही सांगा. तोही निर्णयच आहे आणि त्याचाही मान राहिला पाहिजे.

तरुण मंडळींना विनंती याहून लहान आहे. आज-उद्या आजी पुन्हा ‘उचल रे देवा’ म्हणाली, तर तिला गप्प करू नका. जवळ बसा आणि विचारा, ‘म्हणजे नेमकं काय नको वाटतं तुला?’ ती सांगेल. बहुतेक वेळा ती सांगायला तयारच असते.

 प्रश्नांना वेळ राखून ठेवला आहे. ज्यांना सर्वांसमोर विचारणं अवघड वाटेल त्यांनी चिठ्ठी पाठवली तरी चालेल.